उमेदीची रेघ

सोमवारी सकाळी पावणेनऊला केतकी आडमुठे 'नवचाल' पुनर्वसन केंद्राच्या फाटकापाशी आली आणि आत वळायच्या ऐवजी सरळ पुढं निघून गेली. ठरवून नव्हे. स्कूटरचं हँडल वळलंच नाही. सांगलीतून ती थेट हरिपूरच्या संगमावर पोचली, वाटेत घेतलेला भडंगाचा पुडा उघडून घाटाच्या पायरीवर बसली आणि अर्धा तास पाण्याकडं बघत राहिली.

तिला काही झालेलं नव्हतं. ताप नाही, घरात भांडण नाही. उलट आठ दिवसांची रजा घेऊन, दापोलीला रोज नऊ-नऊ तास झोपून ती कालच परतली होती. अंग हलकं होतं, डोळे ताजे होते. पण फाटक दिसल्याबरोबर आत जावंसंच वाटेना. गेली चौदा वर्षं ती पक्षाघात झालेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवत होती. दिवसभर "शाब्बास", "अजून एकदा", "जमतंय की!" दुसऱ्यांना उमेद वाटून वाटून स्वतःचा डबा रिकामा झाला होता, आणि तो कुठं भरून मिळतो हे तिला ठाऊक नव्हतं.

पावणेदहाला ती केंद्रात आली आणि तडक शिरगुप्पे सरांच्या खोलीत गेली. सर केंद्राचे प्रमुख. पंचावन्नच्या आसपासचे, बोलताना चष्मा कपाळावर सरकवायची सवय.

"सर, मी सोडावं म्हणते."

शिरगुप्पे रागावले नाहीत, की समजूतही घालायला लागले नाहीत. चष्मा कपाळावर गेला. "दमलीस?"

"तेच तर ना सर. दमलेली नाही. झोप भरपूर झालीय. पण हात लावावासा वाटत नाही कशाला."

"मग तू अगदी वेळेवर आलीस," असं म्हणून त्यांनी कपाटातून एक खोका काढला.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून चाचणीसाठी चाळीस पट्ट्या आल्या होत्या. रुपयाच्या नाण्याएवढी, कानामागं चिकटवायची मऊ पट्टी. तिच्या जोडीला चष्म्याची एक हलकी चौकट. पट्टी कानामागच्या मज्जातंतूंची कुजबुज टिपायची, चौकटीतला बारीक कॅमेरा डोळ्याची बाहुली किती फुलते ते बघायचा, आणि दोन्ही मिळून फोनवर दोन रेघा उमटायच्या: एक निळी, एक केशरी.

"निळी रेघ थकव्याची," सर सांगू लागले. "डोकं राबलं की कपाळामागच्या पेशींत कचरा साठतो. जेवढा साठेल तेवढी रेघ वर. झोपलं की तो धुऊन निघतो. तुझी निळी रेघ आज तळाला असणार. पण केशरी रेघ वेगळी. ती उमेदीची. आपल्याला वाटायचं, विश्रांती घेतली की दोन्ही ठीक होतात. तसं नाहीय, हा या लोकांचा शोध. झोपेनं केशरी रेघ हलतसुद्धा नाही."

"मग कशानं हलते?"

"मेंदूच्या तळाशी पेशींचा एक चिमुकला पुंजका आहे. तो सारखा अंदाज बांधत असतो, आता काय होईल याचा. अंदाजापेक्षा बरं काही घडलं की तो मेंदूभर एक फवारा सोडतो, आणि आपल्याला पुढचं पाऊल टाकावंसं वाटतं. अंदाजाबरहुकूम घडलं तर फवारा नाही. चांगलं घडलं तरी नाही. मुद्दा चांगल्या-वाईटाचा नाही, अनपेक्षिताचा आहे."

केतकीनं पट्टी लावली. निळी रेघ बाराच्या आकड्यावर होती. केशरी अठरावर. दोन्ही शंभरापैकी.

"बघ," सर म्हणाले, "तुला झोपेची गरजच नव्हती. उगाच दापोलीपर्यंत गेलीस."

पहिल्या आठवड्यात एक मजेदार गोष्ट कळली. दिवसभर सपाट पडलेली तिची केशरी रेघ रोज अकरा वाजता टुणकन उडी मारायची. अकरा ही बापूसाहेब मगदुमांची वेळ. बापूसाहेब म्हणजे केंद्रातला सगळ्यात खोडसाळ पेशंट. चाळीस वर्षं सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे पुकारलेला माणूस. उजवी बाजू लुळी पडली होती, आवाज मात्र साबूत.

"अहो बाई, हा पाय तुमचा का माझा?" ते चालण्याच्या सरावाच्या समांतर दांड्यांमध्ये उभे राहून गरजायचे. "माझा हाय ना? मग कवा उचलायचा ते मी ठरवीन!"

"ठरवा की. सावकाश ठरवा. मी तोवर पुढच्या पेशंटला घेते."

"पुढच्याला? माझ्या वेळेत? थांबा, उचलतो!"

हा माणूस डोकं उठवतो असं केतकी चार महिने घरी सांगत आली होती. रेघ सांगत होती की तोच तिला जगवतो आहे.

घरी मात्र पंचाईत झाली. अभिनंदन, तिचा नवरा, कॉलेजात गणित शिकवायचा. आलेख दिसला की वाचल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. त्यानं तिचा फोन हातात घेतला आणि सातची वेळ शोधली. संध्याकाळी सात वाजता दोघं मागच्या अंगणात चहा घेत.

"सपाट?" तो म्हणाला. "माझ्याबरोबर चहा पिताना रेघ सपाट? आणि तो हळदवाला म्हातारा अठ्ठावन्न?"

"सपाट म्हणजे खाली जात नाही रे."

पण अभिनंदनानं ते मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी चहाऐवजी कोकम सरबत आलं. तिसऱ्या दिवशी तो फेटा बांधून अंगणात आला. चौथ्या दिवशी त्यानं बासरी वाजवली. ती त्याला येत नव्हती. केतकी हसली, पण रेघ जेमतेम दोन घरं वर गेली, कारण तोवर 'आज हा काहीतरी करणार' हाही अंदाज पक्का झाला होता.

पाचव्या दिवशी तो नुसता चहा प्यायला आणि पुन्हा फोन बघू लागला. जरा वेळानं म्हणाला, "केतकी, मी चुकीची रेघ बघत होतो. निळी बघ. दिवसभर चढते, चढते, आणि सातला घसरगुंडीवरून आल्यासारखी खाली. झोपेतसुद्धा इतक्या वेगानं उतरत नाही."

केतकीनं बघितलं. खरंच होतं. तिनं त्याच्या बशीतलं अर्धं बिस्कीट उचलून खाल्लं. बासरी त्यानं दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्याला परत केली.

महिनाभरात सगळ्या केंद्रात पट्ट्या आल्या आणि शिरगुप्पे सरांनी वेळापत्रकच बदललं. ज्या पेशंटबरोबर ज्या डॉक्टरची केशरी रेघ चढते, ते दोघं एकत्र. जुळण्या संगणक लावायचा. परिणाम कुणीही बघावा असा होता. जिन्यात गाणी ऐकू येऊ लागली. रजेचे अर्ज कमी झाले. पेशंटही पटापट सुधारू लागले, कारण समोरच्याला आपल्यात रस आहे की नाही हे पेशंटला पट्टीशिवाय कळतं. केतकीची रेघ पन्नाशीला पोचली. राजीनाम्याचा विषय निघालाच नाही.

असं सगळं छान चाललेलं असताना एका बुधवारी तिचं लक्ष शेवंताबाईंकडं गेलं.

शेवंताबाई खोत मणेराजुरीच्या. वय त्रेसष्ट. डावा हात आणि डावा पाय गेलेला. दालनाच्या कोपऱ्यात छताला टांगलेल्या यंत्राच्या पट्ट्यांत त्या एकट्याच अडकवलेल्या होत्या. यंत्र त्यांचे पाय उचलून ठेवत होतं, एकसारखं, घड्याळाच्या ठोक्यासारखं. त्या समोरच्या भिंतीकडं बघत होत्या.

"कशा आहात शेवंताबाई?"

"बरं हाय."

"तुमचे डॉक्टर कोण आता?"

"ह्योच की," त्यांनी मानेनं यंत्राकडं खूण केली.

केतकीनं पडद्यावर त्यांचं नाव उघडलं. त्याखाली लिहिलं होतं: 'जुळणी नाही'. अकरा डॉक्टरांनी शेवंताबाईंबरोबर एकेक तास घालवला होता आणि अकराही जणांची रेघ खाली गेली होती. त्यात केतकीसुद्धा होती. त्या तासातलं तिला काही आठवेना. बाई कधी तक्रार करायच्या नाहीत, हट्ट करायच्या नाहीत, रडायच्या नाहीत. सांगाल ते करायच्या आणि "बरं हाय" म्हणायच्या. म्हणून संगणकानं त्यांना यंत्राकडं दिलं होतं. तीन आठवड्यांत प्रगती शून्य. पंधरा दिवसांनी चाकाच्या खुर्चीसह घरी, असा शेरा तयार होता.

पक्षाघातानंतरचे पहिले सहा महिने मेंदू मऊ असतो, नव्या वाटा पाडून घेतो. शेवंताबाईंचा पाचवा महिना चालू होता.

केतकी सरांच्या खोलीत शिरली. "सर, शेवंताबाई मला द्या."

"नाही," शिरगुप्पे लगेच म्हणाले. चष्मा वर गेला. "तुझी रेघ आत्ता कुठं चढलीय. तू परत अठरावर आलीस तर तुझ्या हातचे बाकीचे पेशंट कुणी बघायचे? चांगुलपणा म्हणून करू नकोस. चांगुलपणावर चौदा वर्षं चालवलंस, त्याचं काय झालं ते आपण पाहिलं."

"सर, ज्यांच्यात आपल्याला मजा येत नाही त्यांनी चालायचंच नाही का?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. हा प्रश्न त्यांनाही पडलेला असावा, कारण त्यांनी वाद घातला नाही. "पंधरा दिवस," ते म्हणाले. "पण दोन अटी. तुझ्याकडं चौदा पेशंट आहेत, त्यातले पाच दुसऱ्यांना दे. आणि रेघ वीसच्या खाली गेली की तू स्वतः येऊन सांगायचं. मी विचारणार नाही."

पाच पेशंट सोडताना केतकीला आपण काहीतरी चोरतोय असं वाटलं. त्या पाचांना काही फरक पडलेला दिसला नाही, याचं तर थोडं वाईटच वाटलं.

पहिले चार दिवस रेघ जिना उतरल्यासारखी उतरली. पंचेचाळीस. अडतीस. एकतीस. सव्वीस. केतकीनं सगळे उपाय केले: हसून बघितलं, ओरडून बघितलं, मोबाइलवर भावगीतं लावली, सुनेची चौकशी केली.

"पाय दुखतोय का?"

"न्हाई. बरं हाय."

"आज थोडं जास्त करायचं?"

"करू की."

तिला उत्तर आधीच माहीत असायचं. प्रश्न विचारायच्या आधी. बाहेर पडताना तिच्या ध्यानात आलं की बाई कंटाळवाण्या आहेत की नाहीत हे तिला माहीतच नाही. तिच्या डोक्यातल्या त्या चिमुकल्या पुंजक्यानं बाईंबद्दलचा अंदाज पहिल्याच दिवशी पक्का करून टाकला होता, आणि त्यानंतर तिकडं बघणंच सोडलं होतं.

पाचव्या दिवशी रेघ बावीसवर होती. केतकीनं यंत्र बंद केलं, बाईंना आधार देऊन दांड्यांमध्ये उभं केलं, त्या दहा वेळा पाय उचलून खुर्चीत बसल्या, आणि केतकी शेजारच्या स्टुलावर बसून राहिली. शाब्बास म्हटलं नाही. काही विचारलंही नाही. प्रश्नच संपले होते.

पाच मिनिटं गेली. सात गेली.

"ताई," शेवंताबाई म्हणाल्या, "राग येनार न्हाई न्हवं?"

"नाही. बोला ना."

"तुमचा नऊ राहतोय."

"कसला नऊ?"

"मोजताना. सहा, सात, आठ, आन् लगेच धा. पैल्या दिवसापास्नं बघतीया. म्हंजे मी धा करते असं तुमास्नी वाटतंय, पर नऊच होत्यात. म्हनून शेवटाला एक जादा करते मी, मनातल्या मनात."

केतकी थक्क झाली. "मग सांगितलं का नाही आधी?"

"तुमी लई दमल्यावानी दिसत हुतासा. उगं कशाला म्हनलं बोलायचं."

केतकी हसायला लागली. आधी हळू, मग खदखदून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दालनातली माणसं वळून बघू लागली. फोन थरथरला. केशरी रेघ बावीसवरून सत्तावन्नवर गेली होती.

मग शेवंताबाईंचं तोंड उघडलं. त्या वीस वर्षं मणेराजुरीच्या द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये होत्या. डब्यांची मोजणी त्यांच्याकडं, आणि घडांचं वजनसुद्धा. घड हातात घेतला की पाच ग्रॅम इकडं-तिकडं, बिनकाट्याचं. ज्या बाईनं वीस वर्षं नुसतं बघितलं आणि मोजलं, ती केंद्रात चार महिने गप्प बसून काय करत होती? तेच करत होती. कोणत्या डॉक्टरची टाच दुखते, पाण्याचं यंत्र दर किती वेळानं गुरगुरतं, सगळं त्यांना ठाऊक होतं.

"आन् ते ओरडनारं बापूसाहेब," त्या आवाज खाली करून म्हणाल्या, "सहाच करत्यात आन् धा झालं म्हनत्यात. रोज."

केतकीच्या डोक्यात कल्पना आली ती तिथंच.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिनं शेवंताबाईंची खुर्ची बापूसाहेबांच्या दांड्यांसमोर नेली. "आजपासून मोजणी या करतील. मला नऊ येत नाही."

"ह्या कोन?" बापूसाहेब गुरकावले.

"सुरू करा," शेवंताबाई म्हणाल्या.

बापूसाहेबांनी सुरू केलं. "...नऊ, आन् हे दहा! झालं!"

"पाच."

"पाच? अहो, चाळीस वर्षं सांगलीचा बाजार चालवला मी!"

"असंल. पर पाचच झालं. धाव्याला तर पाय उचललाच न्हाई, नुसता गुडघा हलीवला."

"तुमाला तिथं बसून काय दिसतंय?"

"बरं, उभी ऱ्हाते," शेवंताबाई म्हणाल्या, आणि उजव्या हातानं दांडी धरून उठल्या.

कुणी सांगितलं नव्हतं. आधार दिला नव्हता. केतकीचे हात पुढं आले होते, ते तिनं मागं घेतले. बाई उभ्या राहिल्या, डावा पाय थरथरत होता, नजर बापूसाहेबांच्या गुडघ्यावर होती. चाळीस सेकंद. यंत्रानं तीन आठवड्यांत जमवलं नव्हतं ते बापूसाहेबांच्या लबाडीनं एका सकाळी जमवलं.

त्यानंतर अकराचा तास म्हणजे दालनातला तमाशाच झाला. बापूसाहेब बाजू बदलून बाईंना चुकवायचा प्रयत्न करायचे, त्यासाठी जास्त चालायचे. त्यांच्याकडं नीट बघता यावं म्हणून बाई दांडी धरून पुढं सरकायच्या. एकदा बापूसाहेबांनी सलग बारा केले आणि मुद्दाम आठच सांगितले. शेवंताबाईंनी डोळे बारीक करून त्यांच्याकडं बघितलं. "बारा. उलटी लबाडी बी चालनार न्हाई." ते ऐकून बापूसाहेब इतके हसले की त्यांना धरावं लागलं.

केतकी रोज पाचला घरी जाऊ लागली. निळी रेघ साठच्या वर गेली की मध्येच वीस मिनिटं खिडकीशी बसायची, आणि त्याचं तिला काही वाटेनासं झालं. नऊ पेशंट आणि शेवंताबाई. त्यातल्या प्रत्येकाबद्दल आपल्याला काय माहीत नाही, हे शोधायचा तिला छंद लागला.

पंधराव्या दिवशी परीक्षा होती. काठी घेऊन, माणसाचा आधार न घेता सहा मीटर. जमिनीवर पिवळी पट्टी मारलेली. शिरगुप्पे सर हातात घड्याळ घेऊन उभे. बापूसाहेब खुर्चीत, पण गुडघ्यावर हात ठेवून पुढं वाकलेले.

शेवंताबाईंनी पहिलं पाऊल टाकलं. दुसरं. तिसऱ्याला डावा पाय घासला आणि त्या थांबल्या. काठीवरची बोटं पांढरी पडली. केतकीला "जमतंय की" म्हणायचं होतं, पण शब्द जिभेवर आला आणि तिथंच थांबला.

"तीन पावलं!" बापूसाहेबांनी अचानक पुकारा केला, बाजारातल्या त्या भल्यामोठ्या आवाजात. "तीन पावलं, मणेराजुरीचा माल, तीन! कोन म्हनतंय चार? तीनवर सोडायचं का? अहो, असला माल तीनवर सोडत्यात व्हय?"

"गप बसा," शेवंताबाई म्हणाल्या. "पाच झाल्यात. मागची दोन तुमी बगितलीच न्हाईत." आणि त्यांनी पाय उचलला.

पाच नव्हे, तीनच झाली होती. शेवंताबाई खोत पहिल्यांदाच मोजण्यात चुकल्या होत्या, की मुद्दाम खोटं बोलल्या होत्या, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. त्या पिवळ्या पट्टीच्या टोकाला पोचल्या, तिच्यावरून पलीकडं गेल्या आणि दाराच्या चौकटीला हात लावूनच थांबल्या. सरांनी घड्याळ बंद करायचं विसरून टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी केतकीनं फोन बघितलाच नाही. दुसऱ्या दिवशी बघितला तेव्हा रेघ त्र्याऐंशीवर जाऊन आलेली दिसली.

शिरगुप्पे सरांनी 'जुळणी नाही' हा शेरा संगणकातून काढायला लावला. त्या जागी एक रिकामा रकाना आला: 'या माणसाबद्दल आज नवं काय कळलं?' तो भरल्याशिवाय कुणाचाही पेशंट यंत्राकडं जात नाही. सुरुवातीला डॉक्टर कुरकुरले. मग एकमेकांचे रकाने वाचून जेवणाच्या सुट्टीत हसू लागले.

जानेवारीत, द्राक्षांच्या ऐन हंगामात, शेवंताबाईंचा निरोप आला. केतकी आणि अभिनंदन मणेराजुरीला गेले. शेडमध्ये लांबच लांब टेबलं, पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका, हिरव्या घडांचे ढीग. टेबलाच्या टोकाला काठी टेकवून शेवंताबाई उभ्या होत्या. पूर्ण वेळ नाही, सकाळचे तीन तास, असं मालकानं ठरवून दिलं होतं.

"या ताई, या. बसा. पावनं, तुमी बी."

त्यांनी उजव्या हातानं एक घड उचलला. "चारशे पंच्याऐंशी." काट्यावर ठेवला. चारशे शहाऐंशी. अभिनंदनाचे डोळे विस्फारले.

मग त्यांनी तोच घड उचलून डाव्या हातात ठेवला. बोटं पुरती मिटत नव्हती, घड हलत होता. पुढं होऊन धरावा असं केतकीला वाटलं. तिनं हात खिशात घातले.

"ह्याला इचारा किती, तर म्हनंल पाचशे चाळीस," शेवंताबाई डाव्या हाताकडं बघत म्हणाल्या, एखाद्या नव्या कामगाराबद्दल बोलावं तशा. "परवा सहाशे म्हनत हुता. त्याच्या आदल्या आठवड्यात तर त्याला घड हाय का न्हाई हेच कळत नव्हतं."

"म्हणजे सुधारतोय."

"चुकतोय अजून. पर रोज येगळं चुकतोय." त्यांनी घड सावकाश टेबलावर ठेवला आणि दुसरा उचलला. "म्हनून तर सकाळी उठून यावंसं वाटतंय, बगा. आज कितीनं चुकतोय ते बगायला."